थर लागतात तेव्हा वस्तीत काय घडतं?

गुरुपौर्णिमा झाली की मुंबई-ठाण्याच्या मैदानांत, चाळींच्या पटांगणांत रात्री नऊ-दहाला पोरं जमायला लागतात. कोणी कुरिअरची कामं उरकून आलेला, कोणी कॉलेजातला, कोणी दोन पोरांचा बाप. बॅगा भिंतीला टेकवल्या जातात, नारळ फुटतो आणि दहीहंडीचा सराव सुरू होतो. भक्कम खांद्यांची माणसं पायाला, सडसडीत पोरं मधल्या थरांना आणि सगळ्यात वर एक्का, म्हणजे पथकातलं सर्वात हलकं पोर. पाच थर लागतात आणि उतरतात. सहावा थरथरतो. बाहेर उभा राहून बघणारा एक जण ओरडतो, ‘खाली घ्या!’ आणि कसलाही वाद न घालता सगळे खाली येतात. गोपाळकाल्याच्या आधीचे जवळपास दीड महिने हे असंच चालतं.

टीव्हीवर दिसते ती यातल्या शेवटच्या दिवसाची दहा मिनिटं. म्हणून ‘अशा सणांचा, खेळांचा समाजावर काय परिणाम होतो?’ असं विचारलं की ठरलेली दोन उत्तरं येतात. एक, ‘आपली संस्कृती आहे, एकोपा वाढतो.’ दुसरं, ‘धांगडधिंगा, ट्रॅफिक आणि मोडलेले हातपाय.’ दोन्ही खोटी नाहीत, पण दोन्ही सण म्हणजे एकच वस्तू आहे असं धरून चालतात. मला विचाराल तर खरा प्रश्न वेगळा आहे. हंडी कोणी बांधली, आणि काही बिनसलं तर दुसऱ्या दिवशी तो कोणाला तोंड दाखवणार? याचं उत्तर बदललं की तोच सण, तेच थर, तोच नारळ, पण परिणाम बदलतो.

दहीहंडी यासाठी नामी उदाहरण आहे, कारण ती सणही आहे आणि खेळही. शिवाय गेल्या तीस-चाळीस वर्षांत तिची मालकी आपल्या डोळ्यांदेखत बदलली आहे.

आधी एकोप्याचं बघू. एमिल दुर्खीम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञानं 1912 साली एक कल्पना मांडली. माणसं एकत्र जमून एकाच तालात, एकाच गोष्टीकडे लक्ष लावून काही करतात, तेव्हा त्यांच्यात एक उचंबळ निर्माण होते. एकट्या माणसात ती नसते. त्या क्षणी ‘मी’ पातळ होतो आणि ‘आपण’ घट्ट होतो. वारीत चाललेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. आठवा थर उभा राहत असताना रस्त्यावरची हजारो माणसं एकदम गप्प होतात आणि एक्क्यानं हात वर करून सलामी दिली की एकदम ओरडतात. तीच ही उचंबळ.

पण उचंबळ ओसरते. टिकते ती दुसरीच गोष्ट, आणि ती सरावात तयार होते. तिला समाजशास्त्रात ‘सामाजिक भांडवल’ म्हणतात. सोप्या शब्दांत, अडीअडचणीला कोणाच्या दारात जाता येईल याची न लिहिलेली यादी. पायातल्या माणसाला वरचं काही दिसत नाही. मान खाली, खांद्यावर कोणाचे तरी पाय. तो उभा राहतो तो शेजारच्यावर भरवसा ठेवून. दीड महिना रोज असा भरवसा ठेवलेल्या माणसांना रात्री दोन वाजता रक्ताच्या बाटलीसाठी फोन करायला संकोच वाटत नाही. पथकाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर हंडीपेक्षा रक्तगट, खोलीचं डिपॉझिट आणि ‘भावाला कुठे चिकटवता येईल का’ हेच जास्त असतं. वस्तीला सणाकडून मिळणारं खरं मोल हे आहे, आणि त्याचा फोटो काढता येत नाही.

गिरणगावात हे फार स्पष्ट दिसतं. लालबाग, परळ, काळाचौकी, माझगाव इथल्या चाळी गिरणी कामगारांच्या. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि पुढच्या काही वर्षांत बहुतेक गिरण्यांचे भोंगे कायमचे थांबले. नंतर गिरण्यांच्या जागी आणि कित्येक चाळींच्या जागी टॉवर आले. माणसं विरारला, बदलापूरला, डोंबिवलीला पांगली. पत्ता बदलला, मतदारसंघ बदलला, पोरांची शाळा बदलली. पण सरावाला यायचं ते जुन्याच पटांगणात. दीड तास लोकल, दोन तास सराव आणि मग शेवटची गाडी पकडायची धावपळ. हिशेबात न बसणारी ही गोष्ट माणसं करतात, कारण मोडलेल्या वस्तीचं जे काही शिल्लक आहे ते त्या पथकात आहे. वस्ती म्हणजे जागा, असं आपण धरून चालतो. इथे जागा गेली आणि वस्ती वर्षातून दीड महिना परत भरते.

आता याच भांडवलाची दुसरी बाजू. ते दोन तऱ्हांचं असतं. एक आपल्याआपल्यांत घट्ट बांधणारं, दुसरं परक्याशी पूल बांधणारं. पहिलं सहज तयार होतं, दुसऱ्यासाठी मुद्दाम काही करावं लागतं. पथकाची नावं, रंग, टी-शर्ट, ‘आमचे आठ, त्यांचे सातच’ हे सगळं पहिल्या तऱ्हेचं. त्यात मजा आहे, पण नाक्यावर दोन ट्रक समोरासमोर आले की त्याच मजेचं हाणामारीत रूपांतर व्हायला एक शेरा पुरतो. पूल बांधायचे तर दार उघडावं लागतं. 1990 च्या दशकात मुंबईत महिलांची पथकं उभी राहू लागली. ‘मुलींनी थर लावायचे?’ म्हणून नाकं मुरडणाऱ्यांच्याच घरातल्या मुली आज रात्री उशिरापर्यंत सराव करून परततात, आणि त्यांना न्यायला भाऊ नाही तर पथकातल्या मैत्रिणी असतात. नयन फाउंडेशनचं दृष्टिहीन तरुणांचं पथक आहे. त्यांनी थर लावले तेव्हा लोकांना दया नव्हे, धडकी भरली. आंधळ्या माणसाकडे बघण्याची तऱ्हा भाषणांनी बदलत नाही, अशा एका धडकीनं थोडी बदलते.

आता पैशाकडे वळू.

जुनी हंडी वर्गणीची. पावती पुस्तक घेऊन पोरं जिने चढायची. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू पाच रुपये द्यायच्या आणि वर दम भरायच्या, ‘गेल्या वर्षी कुंड्या फोडल्यात माझ्या.’ हा दम फार महत्त्वाचा आहे. त्या पाच रुपयांत काकूंनी सणात बोलायचा हक्क विकत घेतलेला असतो. हंडी फार उंच नको, दुपारी बाळ झोपतं तेव्हा आवाज नको, तळमजल्यावर आजारी माणूस आहे तिकडे पाणी उडवू नका. मंडळाच्या सेक्रेटरीला हे ऐकावं लागायचं, कारण उद्या सकाळी त्याच जिन्यात, त्याच नळावर काकू भेटणार. कोणत्याही नियमावलीशिवाय चालणारा हा अंकुश होता. गावच्या जत्रेतलं कुस्तीचं मैदान बघा. तिथेही इनाम गावच्या वर्गणीतलं असतं तोवर पंचावर गावाचा डोळा असतो.

मग हंडीला बक्षीस लागलं. ठाण्यात टेंभी नाक्यावर शिवसेनेचे नेते आनंद दिघ्यांनी सुरू केलेली हंडी मानाची समजली जाते. पुढे ठाणे, घाटकोपर, दादर, वरळी असं लोण पसरत गेलं. स्थानिक नेता, त्याचं प्रतिष्ठान, क्रेनला टांगलेली हंडी, स्टेज, सिनेमातले पाहुणे, थेट प्रक्षेपण. बक्षिसं हजारांतून लाखांत गेली. पथकं ट्रक आणि दुचाक्या घेऊन दिवसभर एका हंडीवरून दुसऱ्या हंडीवर धावू लागली. छातीवर चाळीचं नाव छोटं आणि नेत्याचा फोटो मोठा.

हे सगळं वाईटच, असं मी म्हणणार नाही. मोठ्या पथकाला ट्रक, टी-शर्ट, जेवणावळी, मॅट, औषधपाणी यांना मोठी रक्कम लागते, आणि वस्तीच्या वर्गणीतून ती कधीच उभी राहणार नाही. बक्षिसातून काही पथकं वह्या वाटतात, व्यायामशाळा चालवतात, जखमी सोबत्याचं बिल भरतात. खेळाची उंचीही वाढली. 2012 साली जोगेश्वरीच्या जय जवान पथकानं ठाण्यात नऊ थर लावून 43.79 फुटांचा गिनीज विक्रम केला. त्याआधीचा विक्रम 1981 सालचा, स्पेनमधल्या पथकाचा होता. 2025 मध्ये ठाण्यातच दहा थर लागले. कामगार वस्तीतल्या पोरांनी हे करून दाखवलं, याचा अभिमान त्या वस्तीत खरोखरच आहे, आणि अभिमान ही काही हलकी मिळकत नव्हे.

पण अंकुश सुटला. क्रेनवर हंडी टांगणाऱ्याला काकू नळावर भेटत नाहीत. त्याचा हिशेब गर्दीशी आणि कॅमेऱ्याशी आहे. जास्त उंची म्हणजे जास्त गर्दी, जास्त आवाज म्हणजे जास्त लांबून लोक. त्यामुळे सणाचा फायदा एकीकडे आणि त्रास दुसरीकडे अशी वाटणी होते. अर्थशास्त्रात याला बाह्य परिणाम म्हणतात. सौदा दोघांचा, भुर्दंड तिसऱ्याला. हा तिसरा कोण ते एकेक करून बघा. सिग्नलला अडकलेली रुग्णवाहिका. सुट्टी न मिळालेली नर्स. महापालिकेच्या रुग्णालयांत त्या दिवशी खाटा राखून ठेवाव्या लागतात, आणि तो वॉर्ड चालवणारी माणसं कधीच स्टेजवर नसतात. बंदोबस्तातला पोलीस. रात्री बारानंतर दही, पाणी आणि प्लास्टिकचा चिखल उपसणारे सफाई कामगार.

आवाजाचं गणित तर बहुतेकांना कळतच नाही, कारण डेसिबल सरळ मोजपट्टीवर चालत नाही. दहा डेसिबल वाढले म्हणजे आवाजाची शक्ती दहापट झाली, वीस वाढले म्हणजे शंभरपट. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती शंभर मीटरचा शांतता पट्टा असतो. रात्री दहानंतर भोंगा बंद. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस राज्य सरकार ही वेळ बारापर्यंत वाढवू शकतं. डीजेच्या भिंतीसमोर शंभरच्या आसपासचा आकडा म्हणजे ‘जरा जास्त’ नव्हे. दिवसाच्या मर्यादेच्या तीस हजारपटीच्या घरातली ती शक्ती आहे. तक्रार करायची म्हटली तर अर्ज कोणाविरुद्ध? ज्याचा फोटो चौकीबाहेरच्या फ्लेक्सवर आहे त्याच्याविरुद्ध. म्हणून म्हातारी माणसं कापसाचे बोळे घालून बसतात. वस्तीत शांतता आहे याचा अर्थ वस्तीची संमती आहे असा काढला जातो.

दुसरा हिशेब शरीराचा. चाळीस फुटांवरून पडलेलं पोर जमिनीवर आदळतं तेव्हा त्याचा वेग ताशी पंचावन्न किलोमीटरच्या आसपास असतो. वीस फुटांवरून तोच चाळीसच्या आसपास. उंची निम्मी केली म्हणून वेग निम्मा होत नाही, पण आदळण्याची ऊर्जा निम्मी होते, आणि मणका तुटतो की वाचतो हे तिच्यावर ठरतं. प्रत्यक्षात बहुतेक गोविंदा सरळ जमिनीवर पडत नाहीत, खालच्यांच्या अंगावर पडतात. त्यामुळे वरचा वाचतो आणि मार पायातल्याला बसतो. मग तीन महिने प्लास्टर, रोजंदारी बंद. त्या तीन महिन्यांचा खर्च बक्षिसाच्या फलकावर नसतो. तो आई किंवा बायको उचलते.

न्यायालय मध्ये पडलं ते इथे. ऑगस्ट 2014 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं थरांची उंची 20 फुटांवर आणली आणि 18 वर्षांखालच्यांना मनाई केली. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती अट शिथिल करायला नकार दिला. त्या वर्षी काहींनी चक्क शिडी लावून हंडी फोडून निषेध केला. 2017 मध्ये उच्च न्यायालयानं 14 वर्षांखालच्या मुलांना घेणार नाही ही सरकारची हमी नोंदवली आणि उंचीचा प्रश्न विधिमंडळावर सोडला. 2022 मध्ये राज्य सरकारनं दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा जाहीर केला, विम्याचं कवच आणि मृत्यू झाल्यास वारसांना दहा लाख रुपये. या सगळ्या वादात ‘परंपरा विरुद्ध न्यायालय’ असं चित्र रंगवलं गेलं. मला ते लबाडीचं वाटतं. चाळीस फुटांची हंडी ही परंपरा नव्हे. परंपरा होती ती दोन चाळींमध्ये दोर बांधून लावलेली, चार-पाच थरांत हाताला लागणारी. न्यायालयानं जे काम करायचा प्रयत्न केला, ते काम आधी तिसऱ्या मजल्यावरच्या काकू फुकटात करत होत्या.

असं घडायलाच हवं का? स्पेनमधल्या कॅटलोनियात माणसांचे मनोरे रचायची शेकडो वर्षांची रीत आहे. त्यांना ‘कास्टेल’ म्हणतात. 2010 साली युनेस्कोनं त्यांना मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. तिथेही सगळ्यात वर लहान पोर असतं, तिथेही थर कोसळतात, आणि दहा थर तर त्यांनी 1998 मध्येच रचले होते. म्हणजे उंचीची हौस आपल्याला एकट्यालाच आहे असं नाही. फरक वेगळ्याच ठिकाणी आहे. मनोऱ्याच्या तळाशी पथकातली आणि बघायला आलेली शेकडो माणसं एकमेकांना चिकटून गोल उभी राहतात. तोच पाया आणि तीच गादी. 1980 च्या दशकात बायका पथकांत आल्या, वरचे थर हलके झाले आणि मनोरे उंच गेले. 2006 मध्ये एका लहान मुलीचा पडून मृत्यू झाला, तेव्हा पथकांनी मिळून मुलांसाठी खास हेल्मेट रूढ केलं. तिथे पथकांची स्वतःची संघटना आहे. विमा, सुरक्षा, आयोजकांशी बोलणी हे ती बघते. म्हणजे खेळाचे नियम खेळणाऱ्यांच्या हातात आहेत. आपल्याकडेही गोविंदांच्या समन्वय समित्या आहेत, पण बक्षिसाचा आकडा आणि हंडीची उंची ठरवताना दोरी शेवटी आयोजकाच्याच हातात असते.

2023 पासून एक तिसरी वाट दिसते. बंदिस्त स्टेडियममध्ये, मॅटवर, घड्याळ लावून खेळली जाणारी प्रो-गोविंदा लीग. वेळ मोजली जाते, थर लावून सुखरूप उतरणंही मोजलं जातं. रस्ता मोकळा, रुग्णवाहिका मोकळी, पडणाऱ्याच्या खाली मॅट. शरीराच्या दृष्टीनं हे उघडच बरं आहे. पण तिकीट काढून बसलेला प्रेक्षक आणि गॅलरीतून घागर ओतणारी आजी यांत जे अंतर आहे तेही बघायला हवं. खेळ वाचेल, खेळाडूला पैसे मिळतील, पण दार उघडं ठेवून पोरांना पोहे देणाऱ्या घरांचा त्याच्याशी संबंध उरणार नाही. कबड्डी मातीतून मॅटवर गेली तेव्हा असंच झालं. खेळ मोठा झाला, आणि गल्लीतल्या मातीच्या मैदानांवर गाड्या उभ्या राहिल्या. गाड्यांचा दोष कबड्डीच्या माथी मारता येणार नाही, पण मैदान राखायला भांडणारी माणसं मात्र कमी झाली.

तुमच्या गल्लीतल्या हंडीचं किंवा कोणत्याही उत्सवाचं काय चाललंय हे तपासायचं असेल तर गर्दी मोजू नका. आवाज खाली घ्या असं कोणी म्हणालं तर तो खाली येतो का, ते बघा. मागच्या वर्षी पडलेला पोरगा यंदा कुठे आहे ते विचारा. हिशेबाचा कागद मंडळाच्या फळ्यावर लागतो का, आणि तो वाचायला कोणी थांबतं का, हेही बघा. वर्गणी न दिलेल्या घराशी, दुसऱ्या धर्माच्या घराशी, भाड्यानं राहणाऱ्या पोरांशी कार्यकर्ते कसे बोलतात यावरून पुष्कळ काही कळतं.

मोठ्या हंड्या फोडायला निघण्याआधी बहुतेक पथकं सकाळी आपल्या चाळीतली हंडी फोडतात. तिला बक्षीस नसतं. दोन गॅलऱ्यांमध्ये दोर, मडक्याला झेंडूच्या माळा, आत दही-पोहे, लाह्या, काकडी आणि लोणच्याची फोड. पाच थर पुरतात. वरून कोणाची तरी आजी तांब्याभर गार पाणी ओतते आणि खाली नऊ थर लावणारे बाप्ये लहान पोरांसारखे किंचाळतात. काला वाटला जातो, हात चाटत चाटत सगळे ट्रकमध्ये चढतात. पाठीमागे दोन पोरं झाडू घेऊन मडक्याच्या खापऱ्या गोळा करत असतात, कारण तळमजल्यावरच्या काकांनी कालच सांगून ठेवलेलं असतं.